राहिलेला ठिपका

दीपमाला भित्री होती, हे अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या गाळ्यांच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की ती ओट्यापासून दोन पावलं मागं सरे. बँकेत सही करताना तिचा हात असा कापे की सही जुळत नाही म्हणून कारकून कागद परत करी, आणि दुसऱ्या खेपेला तो आणखी कापे. अशा बाईनं एकोणचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं काम शिकायला घ्यावं, याला धाडस म्हणायचं की दगडाखाली आपणहून हात घालणं म्हणायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

झालं असं की पंधरा वर्षं ती साड्यांना फॉल-पिको करत होती आणि तिच्या गाळ्याला लागून शेखरचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस रिळांमधून साडीच्या रंगाचं नेमकं रीळ ती न बघितल्यासारखं उचले. शेखर हे रोज पाहायचा. एक दिवस तो म्हणाला, "ताई, रंगाची एवढी नजर मले कोर्स करून बी आली नाई. माह्याकडं या, फोटोशॉप शिकवतो." फॉल-पिकोचं काम हल्ली तसंही आटत चाललं होतं. दीपमालेनं नको नको म्हणत होकार दिला.

पहिले पंधरा दिवस तिनं माउस असा धरला, जणू तो चावेल. पडद्यावर इंग्रजीत काही चौकट उघडली की ती हात मांडीवर ठेवून शेखरची वाट बघत बसे. शेखर वयानं लहान, पण शिकवायला बरा होता. त्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं कागदावर लिहून पडद्याच्या वरच्या काठाला चिकटवला होता: आधी कॉपी, मग काम. "गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोले हात लावाचा नाई, ताई. कापड फाटलं तं शिवता येते. हे फाटलं तं काहीच हाती राहत नाई." दीपमालेनं महिनाभर हा नियम देवाच्या नेमासारखा पाळला.

मग लग्नसराई सुरू झाली आणि शेखरनं तिला डाग काढायचा ब्रश दाखवला. नवरीच्या गालावर पुटकुळी आहे, तिच्यावर ब्रशचा गोल आणायचा, एकदा टिचकवायचं, पुटकुळी गायब. दीपमाला थक्क झाली. तीन दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. नवऱ्या, करवल्या, नवरदेवाचे मामा, सगळ्यांचे चेहरे धुतल्या ताटासारखे केले. हात सरावला, भीती ओसरली. भीती गेली की शहाणपण येतं असं म्हणतात. दीपमालेच्या बाबतीत भीतीबरोबर होतं तेही गेलं.

बुधवारी शेखर दोन दिवसांसाठी अकोल्याला लग्नाच्या शूटिंगला गेला. जाताना त्यानं एक छोटं मेमरी कार्ड तिच्या हातात ठेवलं. दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या पुंजाराम नावाच्या माणसाचं ते होतं. त्याची आई पार्वताबाई वारली होती, शुक्रवारी तेरवी होती. तीन वर्षांपूर्वी नातवानं मोझरीच्या यात्रेत काढलेला एकच फोटो होता. फोन कधीच मोडीत गेला, कार्ड तेवढं उरलं. मागची गर्दी काढायची, मागं निळा रंग द्यायचा, चेहरा साफ करायचा आणि फ्रेम करून ठेवायची. "सुरकुत्याईले हात नका लावू," शेखर म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाची सुरकुती गेली तं माणूसच जाते."

दुपारी तिनं कार्ड लावलं, फोटो उघडला आणि कामाला बसली. कॉपी केली नाही. वरचा कागद समोरच होता, पण रोज दिसणारी गोष्ट कुणाला दिसते? मागची गर्दी काढली, निळा रंग भरला. मग चेहरा मोठा करत करत एवढा मोठा केला की पडद्यावर नुसतं कपाळ उरलं. इतक्या जवळून पाहिलं की माणूस दिसत नाही, डाग दिसतात. जुन्या फोनचा फोटो, सगळंच पुसट. कपाळावर हिरवट-काळे डाग होते, एक लांबट आणि त्याच्या आजूबाजूला बारके. दीपमालेनं टिचकवलं. एक गेला, दुसरा गेला. सगळे गेल्यावर तिनं सवयीनं कंट्रोल-एस दाबून ते मूळ फोटोवरच सेव्ह केलं, शिलाई संपली की दोरा तोडावा तसं, आणि फोटो बंद करून चहा ठेवला.

चहा उकळत असतानाच फोन वाजला. शेखर नसताना स्टुडिओचा फोन तिच्याकडं असे.

"पुंजाराम बोलून राह्यलो, दर्यापूरकडचा," पलीकडून घोगरा आवाज आला. "मायचा फोटू झाला काय?"

"होऊन राह्यला, दादा. उद्या भेटन."

"मी उद्या चार वाजता येतो. एकच सांगाचं होतं, बाई. मायच्या कपायावरचं गोंदण नीट दिसलं पायजे. ते नाई दिसलं तं मायले कोनी वयखनार नाई. माय अन् मनकर्णामावशीनं संगच गोंदलं होतं, लहानपनी. मायनं मले लय सांगून ठेवलं होतं, का गोंदण तेवढंच मेल्यावर संग येते, बाकी समदं इथीच राह्यते."

 दीपमालेच्या स्वतःच्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. मांडीवर बसून तिनं ते बोटानं मोजलं होतं. आणि आज तेच समोर आलं, तर तिला ती नवरीची पुटकुळी वाटली होती.

"दादा," तिनं कसंबसं विचारलं, "दुसरा एखांदा फोटू असन नं घरी? आधारकार्डावरचा?"

"त्याच्यात माय चोरावानी दिसते. पुरा कायाकुट्ट हाये तो, डोये बी समजत नाई. काहून, काही गडबड हाये काय?"

"नाही नाही. असंच. अन् मावशी कुठी राह्यतात?"

"दर्यापुरात, बसस्टँडच्या मागं. मनकर्णाबाईचं घर इचारलं का कोनी बी सांगते." का विचारलं, हे त्यानं विचारलं नाही, याचं दीपमालेला तेवढंच बरं वाटलं.

फोन ठेवून ती धावत पडद्याकडं आली. फोटो पुन्हा उघडला. गुळगुळीत कपाळाची एक अनोळखी म्हातारी तिच्याकडं पाहत होती. मागं जायचं बटण दाबलं, ते निपचित पडलं होतं. फोटो एकदा बंद केला की मागचं सगळं विसरलं जातं, हे शेखरनं सांगितलेलं आत्ता आठवलं. कार्डातला एकेक कप्पा उघडून पाहिला. शेतातल्या बैलाचा फोटो होता, ट्रॅक्टरचे चार होते, म्हातारीचा हा एवढाच. मागून चहा उतू गेल्याचा वास आला. ती उठलीसुद्धा नाही.

 कुणी रागावेल याची भीती तिला लहानपणापासून ओळखीची होती. ती भीती येते, छातीत धडधडते, निघून जाते. ही वेगळी होती. एक बाई मेली होती आणि तिच्यासोबत जाणारी एकच वस्तू दीपमालेनं एका बोटानं पुसली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिचा ब्रह्मराक्षस खुर्चीवर तिच्या शेजारीच येऊन बसला होता.

तेवढ्यात अकोल्याहून शेखरचा फोन आला. मागं बँड वाजत होता. "ताई, झालं काय ते तेरवीचं?"

"झालं," ती म्हणाली. 

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पहाटे उठून तिनं दर्यापूरची पहिली एसटी धरली. सोबत एक कोरा कागद, पेन्सिल आणि फोन. वाटेत कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं, तेव्हा कुठं तिनं पैसे काढले. बाहेर काळ्या शेतांतून हरभऱ्याची सोंगणी चालली होती. मावशीच्या कपाळावर तसंच गोंदण असेल तर ते पाहून काढता येईल, एवढाच तिचा हिशेब होता. मावशीला काय सांगायचं, तेही ठरलं होतं. दर्यापूर येईपर्यंत तिनं ते खोटं अकरा वेळा मनात म्हणून पाहिलं.

मनकर्णाबाई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. वाळकी, काटक, ऐंशीच्या पुढची बाई. कपाळावर उभी हिरवी रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन ठिपके आणि वर एक. दीपमालेची नजर तिथंच खिळली.

"कोन वं तू? काय पाह्यतं?"

"मी अमरावतीहून आली, मावशी. फोटूच्या दुकानातून. पार्वताबाईचा फोटू करून राह्यली. तुमचं गोंदण पाह्याचं होतं. म्हंजे त्याईचं बरोबर उमटलं का, ते ताडून पाह्याले."

सूप थांबलं. "उमटलं हाये तं ताडाचं काहून?"

अकरा वेळा घोकलेल्या खोट्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.  म्हातारी दीपमालेच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडं.

"पुसलं काय तू?"

 दीपमालेनं होकारार्थी मान हलवली.

मनकर्णाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं.  ती सुपातले खडे वेचून बाजूला टाकत राहिली. मग म्हणाली, "सत्तर वर्स घामानं पुसलं नाई, पान्यानं पुसलं नाई. तू कशानं पुसलं?"

"एका बटनानं, मावशी."

"मोठं बटन असन."

"नाही. लहानच हाये."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं, पदर मागं सारला आणि सरकून उन्हात बसली. "घे, पाह्य मंग. रडू नको, कागद वला होईन."

दीपमालेनं फोटो काढले, कागदावर पेन्सिलीनं आकार उतरवला. तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं. काढून झाल्यावर म्हातारीनं कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि वरच्या ठिपक्यावर नख ठेवलं.

"हे माहं झालं. तिचं असं नोतं. तिचे चारच ठिपके होते, वरचा नोता."

"काहून?"

"आमी दोघी दर्यापूरच्या बजारात गोंदाले बसलो. मी मोठी, म्हून आंधी मी. मंग पार्वता. रेघ झाली, चार ठिपके झाले, अन् हे भेली. उठली अन् पयाली, ते घरीच. गोंदनारीन मागून गमतीनं ओरडली, अर्धं घेऊन जाशीन तं वर तुले कोनी वयखनार नाई. लोकं हासले. पन हिच्या मनात ते बसलं ना."

"मंग नंतर भरून घ्याचं होतं."

"सुईले भे अन् राह्यलेल्या ठिपक्याले बी भे. दोन्हीकून भे. लगन झालं, पोट्टे झाले, सुना आल्या. तरी बजारात गोंदनारीन दिसली का जाऊन उभी राहे, अन् तशीच घरी ये."

दीपमालेनं पार्वताबाईला कधी पाहिलं नव्हतं. पण बाजारात सुईसमोर उभी राहून परत फिरणारी ती बाई तिला आतून बाहेरून ओळखीची वाटली. आपण हिलाच पुसलं, असं मनात आलं आणि तिला जास्तच भीती वाटली.

"चारच काढजो," मनकर्णाबाई म्हणाली. "पाचवा काढशीन तं ते माहं होईन, तिचं नाई. अन् पुंजारामले सांगजो."

"सांगाच लागन काय, मावशी?"

"मी नाई सांगत. तुयं तू पाह्य." आणि तिनं सूप पुन्हा उचललं.

अकरा वाजता दीपमाला परत येऊन स्टुडिओतल्या खुर्चीवर बसली. आधी कॉपी केली, मग त्या कॉपीची कॉपी केली. पहिली रेघ पेनानं मिशा काढाव्यात तशी दिसली. पुसली. दुसरी फार हिरवी झाली, तिसरी कपाळावर नुसती चिकटल्यासारखी. मग तिनं मावशीचा फोटो शेजारी उघडला आणि रिळांच्या डब्याकडं पाहावं तसं त्या रंगाकडं पाहिलं. तो हिरवा नव्हता, निळाही नव्हता. धुवून धुवून विटलेल्या साडीच्या काठाचा असतो तसा होता, आणि कडेला कातडीत किंचित फाकलेला. रंग सापडला. रेघ बसली. मग एकेक ठिपका. चौथा पडला आणि गुळगुळीत अनोळखी बाईच्या जागी कुणीतरी आलं. वरची जागा तिनं रिकामी ठेवली.

अडीचला शेखर आला. छापून फ्रेम केलेला फोटो त्यानं उजेडात धरला. "ताई, गोंदण काय साफ आणलं तुमी. कार्डातल्या फोटूत एवढं कुठी दिसत होतं?"  चोराच्या मनात चांदणं. दीपमालेला वाटलं त्यानं ओळखलंच. पण तो कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावण्यात गुंतला.

बरोबर चारला पुंजाराम आला. साठीचा माणूस, डोकं नुकतंच भादरलेलं. दुकान असूनही त्यानं चपला दाराशी काढल्या. फ्रेम दोन्ही हातांत घेतली आणि बाकावर बसला.

"माय हाये," तो म्हणाला.

दीपमालेच्या छातीवरचा दगड हलला. संपलं होतं. आता तो उठेल, जाईल, उद्या या फोटोला हार पडेल आणि कुणाला काही कळणार नाही. पण पुंजाराम उठला नाही. त्यानं काचेवर, रेघेच्या वरच्या रिकाम्या जागी बोट ठेवलं.

"शेखरभाऊ, एक इचारू काय? इथी एक ठिपका देता येईन काय?"

"येईन ना. काहून?"

"मायचा राह्यला होता. लहानपनी भेली होती ते. शेवटी दवाखान्यात माहं बोट धरून इथी ठेवे, म्हणे, राह्यला रे पुंजा, आता वर कोन वयखन मले. मी म्हनलं, माय, मी वयखतो ना. तं म्हणे, तू तं इथीच राह्यशीन." त्यानं बोट काचेवरून उचललं. "एवढंच होतं पाहा. लय भेत भेत गेली."

"दोन मिनटाचं काम हाये," शेखर म्हणाला. "ताई, उघडा."

दीपमालेनं फोटो उघडला. कपाळ मोठं केलं. गोल त्या रिकाम्या जागेवर आणला आणि हात थांबला. टिचकवलं की झालं. पण ज्याच्यावर हा माणूस आईचा राहिलेला ठिपका मागत होता, ते कपाळ आईचं आहे असं तो समजत होता.  सुई समोर होती आणि दारही उघडं होतं. ती खुर्चीतून उठली.

पळाली नाही, एवढंच. "दादा, आंधी एक सांगा लागते," ती म्हणाली. "तुमच्या आईचं गोंदण माह्या हातून पुसल्या गेलं. डाग समजून. कॉपी नोती केली. हे जे दिसून राह्यलं ते मी काढलं, मावशीचं पाहून."

शेखरनं पडद्यावर चिकटवलेल्या कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याचा चेहरा पडला. 

"हे चारी बी तुह्या हातचे?" पुंजारामनं विचारलं.

"हो."

"मूळचं आता कोठीच नाई?"

"नाही, दादा."

तो फ्रेमकडं पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दीपमालेनं आणलं होतं आणि तिला ते उभं राहून पाहावं लागलं. आयुष्यात इतकं भिऊन ती कधी एका जागी उभी राहिली नव्हती.

"मावशीले माहीत हाये?"

"हो. त्याच म्हनल्या, चारच काढ. अन् तुमाले सांग."

पुंजारामनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं.  मग फ्रेम बाकावर ठेवून तो तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.

"बजारातल्या त्या गोंदनाऱ्या बाईले बी माय कुठी वयखत होती," तो म्हणाला. "चार देल्ले, तं पाचवा बी तूच दे."

दीपमाला बसली. आधी कॉपी केली. शेखर पाहत होता. तिनं तोच विटका रंग घेतला. हात कापतच होता. तो थांबायची तिनं वाट पाहिली नाही. जागा नीट धरली आणि टिचकवलं.

कपाळ लहान होत होत चेहरा झाला. रेघ, दोन इकडं, दोन तिकडं, वर एक. पुंजाराम वाकून पाहत होता. साठ वर्षांच्या त्या माणसानं लहान पोरासारखं हळूच विचारलं, "दुखलं तं नसन ना वं तिले?"

"नाही, दादा," दीपमाला म्हणाली. "या खेपेले त्या उठल्या नाही."